गजाननची जन्मतारीख

फुटबॉलमधलं मला काडीचं कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. बावीस माणसं एका चेंडूमागे कशाला धावतात, प्रत्येकाला एकेक आणून द्या म्हणजे भांडण मिटेल, हा सगळ्या जगाचा करून झालेला विनोद मीही अनेकदा केला आहे आणि गजाननने तो प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा हसून ऐकला आहे. पण मधल्या फळीत खेळणारा माणूस नेमकं काय करतो, हे मला बऱ्याच पुरुषांपेक्षा चांगलं कळतं. कारण ते मला गजाननने आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, शेंगा सोलता सोलता समजावलं होतं.

“पंगत पाह्यली ना ताई तुमी? गोल मारनारा म्हंजे जेवनारा. त्याचं पोट भरलं का लोक टाळ्या वाजवते. मी वाढपी हाय. वरनाची बादली घेऊन नुसतं धावलं म्हंजे वाढप होत नाई. कोनाची पत्रावळ रिकामी होऊन राह्यली ते आंधीच पाहून ठेवाचं, न् त्यानं हात वर कराच्या आंधी तिथं पोचाचं. एवढंच काम.”

हे तो नुसतं बोलण्यासाठी बोलत नव्हता. तेलंगणात, आदिलाबादजवळच्या तलमडुगूकडे त्यांचं खेडं, तिथे त्याच्या चुलतबहिणीचं लग्न होतं, तेव्हा तो कोलकात्याच्या एका मोठ्या क्लबात खेळत होता आणि टीव्हीवर दिसायचा. गावाने ठरवलं होतं की गजाननला नवरदेवाच्या शेजारी बसवायचं. फोटोवाल्यालाही तसं सांगून ठेवलेलं. पंगत बसली आणि पाहतात तर गजानन नाही. तो कमरेला दुपट्टा बांधून, वरणाची बादली घेऊन चौथ्या रांगेत होता. एका दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या पानावर त्याने न विचारता मऊ भात घातला, आणि दोन रांगा ओलांडून जाऊन, वधूचा बाप अजून जेवला नाही असं कुणाच्या तरी कानात सांगून आला. फोटोवाल्याच्या सगळ्या फोटोंत त्याची पाठ आहे.

गजाननचे वडील तो लहान असतानाच गेले. दहा एकर कापूस-ज्वारी, मोठा भाऊ नामदेव आणि आई अनुसयाबाई, एवढं घर. धाकट्याने तरी शिकावं म्हणून अनुसयाबाईंनी त्याला आपल्या भावाकडे बेल्लमपल्लीला धाडलं. मामा कोळशाच्या खाणीत होता. खाणकामगारांच्या क्वार्टरांपासून चार घरं सोडून आम्ही राहत होतो. आम्हीही मराठीच, पण तीन पिढ्यांपूर्वी इकडे येऊन नोकऱ्यांमध्ये मुरलेले. माझे वडील तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. तेलुगू माध्यमात, आणि असं की तेलुगू माणसांनाही संशय येऊ नये. शाळेला कारकून नव्हता, म्हणून प्रवेशाचं रजिस्टरही बाबांच्याच टेबलावर असायचं.

गजानन आला तेव्हा अकरा वर्षांचा होता. गावात मराठीतून पाचवी झालेली. तेलुगूचं एक अक्षर येत नव्हतं. सहावीत बसवला असता तर वर्षभर भिंतीकडे पाहत बसला असता, आणि मग आमच्याकडची अशी पोरं जिथे जातात तिथे, म्हणजे परत कापसात गेला असता. बाबांनी त्याला दोन वर्ग खाली घालायचं ठरवलं. चौथीत अकरा वर्षांचा घोडा बसवला तर पोरं चिडवतील, वरून तपासणीला आलेला साहेब विचारेल. गावाहून टीसी आली नव्हती. मामाला विचारलं तर तो म्हणाला, “तुमी लिवा ना सर, तुमाले समजते.” पोरगं अंगानेही बारीक होतं. बाबांनी रजिस्टरात जूनमधली एक तारीख घातली आणि वर्ष दोनाने पुढे ओढलं.

यात काही गैर आहे असं कुणालाच वाटलं नाही. आमच्याकडच्या शाळांमध्ये निम्मा गाव जूनमध्येच जन्मलेला असतो. मास्तरने पोराच्या सोयीची तारीख लिहायची, ही मायाच समजली जायची.

संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर तेलुगू शिकायला यायचा आणि अर्धं लक्ष खाणीच्या मैदानाकडे असायचं. पहिल्या पाळीचे कामगार आंघोळ करून तिथे खेळायचे. काळी माती, त्यावर काळा चेंडू. मामा त्यांच्यात होता. एक दिवस माणूस कमी पडला म्हणून गजाननला आत घेतलं, ते त्याला बाहेर काढायचं मग कुणाच्या मनात आलं नाही. त्याची एक सवय तेव्हापासूनची. चेंडू येण्याआधी मान वळवून डाव्या खांद्यावरून पाहायचा, मग उजव्या. चहा घेतानासुद्धा. रस्ता ओलांडताना तर चार वेळा. माझी आई म्हणायची, याच्यामागे कोण वसुलीला लागलंय बाई.

“चेंडू आल्यावर पाहाले टाइम नसते, काकू,” तो म्हणायचा. “आंधी पाहून घ्या लागते.”

पुढचं भराभर झालं. शाळेच्या संघातून जिल्हा, मग चौदा वर्षांखालचा राज्याचा संघ, मग दूरच्या एका अकादमीत राहणं-खाणं-शिकणं. या चौदा वर्षांखालच्या संघात तो खरा पंधराचा होता. त्याला हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला आपलं वय कळतं. पण त्याच्या हातातला कागद सरांनी लिहिलेला होता, आणि सरांनी लिहिलेलं चूक असू शकतं हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. बाबांनी फळ्यावर सोडवलेल्या गणिताचं उत्तर चुकलं तर तो आपलीच वही पुन्हा तपासायचा.

अठरा-एकोणिसाव्या वर्षी तो व्यावसायिक झाला. आधी गोवा, मग कोलकाता. तोवर बाबांची बदली आदिलाबादला झाली होती आणि मीही इथेच बँकेत लागले होते. गजाननचा सामना असला की अनुसयाबाई सकाळच्या बसने आमच्याकडे यायच्या. त्यांच्या घरीही टीव्ही होता, पण त्यांचं म्हणणं, सरांच्या टीव्हीत पोरगं मोठं दिसतं. पदर डोक्यावर घेऊन, पाय पोटाशी ओढून त्या नव्वद मिनिटं बसायच्या आणि बहुतेक वेळ हिरमुसलेल्या असायच्या. कॅमेरा चेंडूमागे जायचा, आणि चेंडू गजाननकडे एक क्षणही टिकायचा नाही.

“आला का देऊनच टाकते,” त्या म्हणायच्या. “घरी बी असाच व्हता. खाऊ देल्ला का दारातच वाटून रिकामा.” मग थोड्या वेळाने, “सर, त्याले गोल काऊन मारू देत नाई हे लोक?”

बाबा त्यांना समजावायचे की हा नसला तर बाकीचे दहा भरकटतील. अनुसयाबाई मान हलवायच्या, पण पटलेलं नसायचं.

सामना झाला की दुसऱ्या दिवशी त्याचा बाबांना फोन यायचा. त्यात बाबांचे दोनच प्रश्न. जेवलास का, आणि चेंडू किती वेळा हरवलास? पहिल्याचं उत्तर कधीकधी खोटं असेल. दुसऱ्याचं कधीच नाही. “चार येळा, सर. तिसऱ्या येळी माही चूक नाई, पन चारच धरा.” बाबा त्याला वहीतल्या चुका दाखवल्यासारखे रागवायचे, आणि तिकडून “हो सर, हो सर” ऐकू यायचं. मी हसायचे. ज्याला फुटबॉलचं ओ की ठो माहीत नाही, असा सत्तावन्न वर्षांचा मास्तर कोलकात्याच्या खेळाडूला चुका काढून देतोय, आणि तो त्या मुकाट्याने घेतोय.

खऱ्या वयाच्या सत्ताविसाव्या आणि कागदावरच्या पंचविसाव्या वर्षी त्याला देशाच्या संघाच्या सराव शिबिराचं बोलावणं आलं. आदिलाबादच्या बसस्टँडवर कुणीतरी त्याचा फ्लेक्स लावला. शिबिरानंतर परदेशात सामने होते, म्हणून क्लबाने जन्माचे कागद पुन्हा मागवले. गजानन मैदानावर, त्यामुळे कागद पाठवायचं काम नामदेवकडे आलं. नामदेव सरळ माणूस. त्याला वाटलं, एवढ्या मोठ्या कामाला झेरॉक्स कशाला, असली कागद पाठवू. तो गावच्या मराठी शाळेत गेला, जुन्या रजिस्टरावरून दाखला काढून घेतला, त्यावर दोन शिक्के मारून घेतले, तहसीलमधल्या ओळखीच्या माणसाकडून वर आणखी एक दस्तखत घेतलं, आणि अभिमानाने कुरिअर केलं. गावच्या शाळेच्या रजिस्टरात खरी तारीख होती.

दोन कागद, दोन जन्म. फुटबॉल महासंघाची चौकशी बसली. पेपरात आलं. आमच्या भागात एकेका माणसाला एकेक शब्द चिकटतो, तसा गजाननला ‘वयचोर’ चिकटला. फ्लेक्स कुणी काढला माहीत नाही, एका सकाळी तिथे मिरचीच्या बियाण्याची जाहिरात होती.

इथे मला माझं सांगावं लागेल. बाबांनी पेपर वाचून घडी घालून ठेवला. संध्याकाळी म्हणाले, “ती नोंद माझ्या हातची आहे. मी त्यांना लिहून कळवतो.” बाबा तेव्हा आदिलाबादला एका शाळेचे मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. मी बँकेत काम करते. सरकारी रजिस्टरात जाणूनबुजून खोटी नोंद केली असं स्वतःच्या हाताने लिहून देणं म्हणजे काय, हे मला त्यांच्यापेक्षा चांगलं कळत होतं. निलंबन, चौकशी, चौतीस वर्षांच्या नोकरीच्या शेवटी गावभर छी-थू. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही यात पडू नका. तो तरुण आहे, तो सावरेल. तुम्हाला सावरायला वेळ नाही.” बाबांनी कागद पुढे ओढला होता, तो तसाच राहिला.

चार दिवसांनी गजानन स्वतः आला. कोलकात्याहून नागपूर, तिथून बसने. दाढी वाढलेली. नेहमीसारखा उंबऱ्यावर नाही, खुर्चीवर बसला, परक्यासारखा. मी चहा आणला आणि दारातच उभी राहिले. इकडचं तिकडचं झालं. मग बाबांनी विचारलं, “गजानन, मी काही लिहून देऊ का रे?”

त्याने कप खाली ठेवला. सगळ्यांकडे एकदा पाहिलं.

“नको सर,” तो म्हणाला. “त्याची गरज नाई पडत. वकील म्हनते का होऊन जाते बराबर.”

बाबांनी सुटकेचा श्वास टाकला. तो मला ऐकू आला, म्हणजे त्यालाही आला असणार. मग त्याने आईला विचारलं, काकू, लोणचं घातलं का औंदा. एक बरणी घेऊन तो संध्याकाळच्या बसने गेला.

चौकशीत त्याला विचारलं, तारीख कुणी बदलली? तो म्हणाला, मीच सांगितली होती. म्हणजे अकरा वर्षांच्या पोराने, ज्याला त्या शाळेची भाषाही येत नव्हती. मामा तोवर वारला होता. मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं होतं, तेही त्याने केलं नाही. दोन वर्षांची बंदी आली. लहान गटातली पदकं परत द्यावी लागली. क्लबाने करार मोडला. नामदेवने मला हे सगळं बऱ्याच वर्षांनी सांगितलं, आणि एक गोष्ट जास्तीची सांगितली. वकिलाने गजाननला स्पष्ट सांगितलं होतं की ज्या मास्तरने नोंद केली त्याचं एक पत्र आण, पोराला यातलं काही कळत नव्हतं एवढं त्याने लिहू दे, बंदी सहा महिन्यांवर येईल. “त्याच्याचसाठी तर आला व्हता ताई तो तुमच्याकडं,” नामदेव म्हणाला. “खाली हात काऊन आला, त्यानं आमाले कधी सांगतलंच नाई.” आणि नामदेव स्वतः इतकी वर्षं समजत होता की दोष आपल्या शिक्क्यांचाच आहे.

दोन वर्षं तो गावी राहिला. पहाटे कापसाच्या धुऱ्याबांधांवरून पळायचा, रिकाम्या शेतात दगड मांडून त्यांच्यामधून चेंडू न्यायचा. लोक बांधावर उभे राहून पाहायचे. काही हसायचे. बंदी उठली तेव्हा तो एकोणतीसचा होता आणि गुडघा बोलायला लागला होता. मोठ्या क्लबांनी फोन उचलले नाहीत. खालच्या दर्जाच्या एका संघात तो एक हंगाम होता, बहुतेक बाकावर. एकदा शेवटची वीस मिनिटं खेळला, त्या रात्री बाबांनी फोनवर विचारलं, किती वेळा हरवलास? “एकदा बी नाई, सर,” तो म्हणाला. तो त्याचा शेवटचा सामना निघाला.

मग तो तालुक्यातल्या मुलींच्या एका निवासी शाळेत मानधनावर फुटबॉल शिकवू लागला. तिथे त्याचं एक वेड होतं. नवी मुलगी मैदानावर आली की चेंडू नंतर, आधी जन्माचा दाखला. नसेल तर तो स्वतः मोटरसायकलवर त्या मुलीच्या गावी जायचा, ग्रामपंचायतीत बसायचा, अंगणवाडीची वही काढायला लावायचा, आजीला विचारायचा की पोरगी झाली तेव्हा शेतात काय पेरलं होतं. एकेका दाखल्यासाठी चार-चार खेपा. मागून लोक म्हणायचे, वयचोर दुसऱ्याचं वय तपासते पाहा. त्याला ऐकू जायचं. तो पुढच्या गावी जायचा.

आणि दर शनिवारी आमच्याकडे. बाबा निवृत्त झाले त्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले होते, ते घरात कुणालाही धड जमायचे नाहीत. गजानन पिशवीतून चेंडू काढायचा, बाबांच्या उजव्या पावलाखाली ठेवायचा आणि समोर जमिनीवर बसायचा. “दाबा सर. आता पुढं लोटा. माह्याकडं द्या.” चेंडू हातभर अंतर जायचा. तो परत करायचा. “मस्त. आता डाव्यानं नका करू, मी पाहून राह्यलो.” सहा वर्षं त्याने एकही शनिवार चुकवला नाही. बाबा काठीवर चालू लागले ते त्याच्यामुळे. लग्न त्याने केलं नाही. विषय निघाला की म्हणायचा, माय हाय न् चाळीस पोरी हायेत, आनखी किती पाहिजेत.

या सहा वर्षांत बाबा त्याला काहीतरी सांगायला पाहत आहेत हे मला दिसायचं. शब्द अडकायचे. गजानन ते अडकू द्यायचा आणि चेंडू पुढे करायचा.

गेल्याच्या गेल्या वर्षी त्याच्या मुलींनी जिल्ह्याची स्पर्धा जिंकली. गावाने सत्कार ठेवला आणि गजाननने बाबांना पाहुणे म्हणून बोलावलं. मी आणि आई त्यांना गाडीने घेऊन गेलो. शाळेचा मंडप, हार, नारळ. पहिल्या रांगेत अनुसयाबाई बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. सगळं छान चाललं होतं. मग गावातले एक पुढारी बोलायला उभे राहिले. माणूस भला, गजाननबद्दल चांगलंच बोलायचं होतं त्यांना. म्हणाले, “चूक कोनाच्यानं होत नाई? गजाननच्यानं बी लहानपनी एक चूक झाली, वयाची चोरी झाली. पन आज पाहा, मानूस सुदरला.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजाननही मान खाली घालून हसला. अनुसयाबाईंनी पदर तोंडाशी घेतला.

बाबा काठी टेकून उभे राहिले. त्यांना बोलायचं नव्हतंच, नावही पुकारलं नव्हतं. गजानन चटकन त्यांच्याकडे गेला, “सर, बसा,” म्हणाला, पण बाबांनी डाव्या हाताने त्याला बाजूला सारलं आणि माईक धरला.

“तारीख मी लिहिली,” बाबा म्हणाले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. “याने नाही. हा अकरा वर्षांचा होता. मी लिहिली. मला माहीत होतं. मी गप्प बसलो.”

मंडपात बऱ्याच लोकांना काय झालं तेच कळलं नाही. काहींनी सवयीने पुन्हा टाळ्या वाजवल्या. अनुसयाबाई मात्र उठल्या. त्या हळूहळू व्यासपीठापाशी आल्या, बाबांच्या अगदी समोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

“सर, हे तुमी तवा काऊन नाई बोलले?”

बाबांचे ओठ हलले, शब्द आला नाही. मी बाजूलाच होते. मला शब्द येत होते, पण मी बोलले नाही.

“माय, चाल,” गजानन म्हणाला. “सरच्यानं उभं राहवत नाई.” त्याने बाबांच्या मागे खुर्ची सरकवली, त्यांना बसवलं, काठी हाताशी ठेवली आणि मग आईला धरून मंडपाबाहेर घेऊन गेला. सत्काराचा नारळ टेबलावरच राहिला.

पुढच्या शनिवारी तो आला, पण फाटकाच्या आत आला नाही. मोटरसायकल चालूच ठेवली. मी बाहेर गेले.

“मायनं आन घातली ताई,” तो म्हणाला. “म्हने त्या घरचा उंबरा चढला तं माहं मेलेलं तोंड पाहासीन. दोन दिस जेवली नाई ते.”

“आणि तू?”

“माय हाय ते.” त्याने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. “सरले नका सांगू. म्हना का पोरींचा कॅम्प लागला.” मग पिशवीतून चेंडू काढून माझ्या हातात दिला. “डाव्यानं करू नका देऊ. ते डाव्यानं करते, आपुन पाह्यलं नाई तं.”

मी बाबांना कॅम्पचं सांगितलं. पुढच्या शनिवारी पाऊस सांगितला, त्याच्या पुढच्या शनिवारी परीक्षा. बाबांनी एकदाही उलट विचारलं नाही. शनिवारी मात्र दुपारपासून खिडकीशी खुर्ची ओढून बसायचे, मोटरसायकलचा आवाज आला की मान वळवायचे. मी चेंडू पायाखाली ठेवला तर पाय हलवायचे नाहीत. ज्या एका माणसाने त्यांची चूक पोटात घातली होती, तो आपण खरं बोलल्यामुळे गेला, हे त्यांना कळलं होतं. मला त्यांचा राग येई, कशाला बोललात म्हणून, आणि मग माझाच येई. काठी सुटली. वर्षभरात ते अंथरुणाला खिळले आणि कापूस वेचणीच्या दिवसांत, एका सकाळी गेले.

तिरडी फाटकातून निघाली तेव्हा मला तो दिसला. रस्त्याच्या पलीकडे, किराणा दुकानाच्या सावलीबाहेर, चपला काढून उन्हात उभा. केसांत पांढरं आलेलं, पोट तसंच सपाट. तिरडी समोरून गेली तशी त्याने वाकून जमिनीला हात लावला. लोक पुढे गेले. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत, म्हणून मी फाटकाशी राहिले होते. मी रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेले. इतकी वर्षं जे कुणाशीच बोलले नव्हते, ते मला त्याच्याशी बोलायचं होतं.

“गजानन,” मी म्हटलं, “बाबा तेव्हा लिहून द्यायला तयार होते. मी अडवलं त्यांना.”

“मालूम हाय, ताई.”

“कुणी सांगितलं तुला?”

“कोनी नाई.” तो माझ्याकडे पाहत नव्हता, रस्त्याच्या वळणाकडे पाहत होता. “सर मले इचारून राह्यले व्हते ना, लिहून देऊ का म्हनून. तवा ते माह्याकडं नाई, तुमच्याकडं पाहून राह्यले व्हते.”

मी मागे वळून फाटकाकडे पाहिलं.

“घरात जा आता. काकू एकट्या हायेत,” तो म्हणाला.

मग त्याने चपला हातातच घेतल्या आणि लोक गेले होते त्या रस्त्याने निघाला. सगळ्यांच्या मागे, बरंच अंतर ठेवून, एकटाच.